तीन हिरवे दिवे आणि बिघाडाची वही

(पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.)

११ ऑक्टोबर २०२४ ची संध्याकाळ आठवते का? त्रिचीहून शारजाला निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान हायड्रॉलिक बिघाडामुळे दोन तासांहून जास्त वेळ त्रिचीच्याच आकाशात घिरट्या घालत होतं. आत १४१ माणसं. सगळ्या चॅनेलांवर लाइव्ह. रात्री विमान सुखरूप उतरलं, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि दुसऱ्या दिवशी आपण दुसऱ्या विषयाला लागलो. नक्की काय गेलं होतं? सील, पाइप, की पंप? हे विचारणारा एकही माणूस मला माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये दिसला नाही.

मला हा प्रश्न पडतो कारण माझं पोटच त्यावर आहे. शिरोली एमआयडीसीत माझं हायड्रॉलिक जॅक दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉलीचे जॅक, जेसीबीचे सिलिंडर, प्रेसचे पंप हे रोजचं काम. या धंद्यामुळे एक वेगळाच नाद लागला. अमेरिकेत लोक आपल्या गॅरेजमध्ये विमानं बनवतात, आणि त्यातले काही जण त्याला पोटात जाणारी हायड्रॉलिक चाकं बसवतात. त्या चाकांच्या बिघाडांचा इतिहास मी गेली काही वर्षं मिळेल तिथून वाचतोय. आज तो सांगतो, कारण त्यात आपल्या जिल्ह्याच्या कामाची एक गोष्ट आहे.

चाकं पोटात घ्यायची कशाला?

सरळ हिशोब आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. हळू उडणाऱ्या विमानाला खाली लटकणारी चाकं फारशी जड जात नाहीत, पण वेगवान विमानाला ती ब्रेक लावल्यासारखी मागं ओढतात.

१९२० मध्ये फ्रान्समधल्या गॉर्डन बेनेट शर्यतीत डेटन-राइट कंपनीचं एक विमान उतरलं होतं. पायलट हातानं दांडा फिरवायचा आणि चाकं पोटात जायची. शर्यत त्याला अर्धवट सोडावी लागली, पण कल्पना टिकली. १९३०च्या दशकात रशियाचं आय-१६ हे लढाऊ विमान आलं. त्यात चाकं वर घ्यायला पायलटला हँडल ४४ वेळा फिरवावं लागायचं. म्हणजे एका हातात विमान आणि दुसऱ्या हातानं रहाट! मग हे काम तेलाकडं आलं. पंपानं तेल ढकलायचं, तेलानं पिस्टन, पिस्टननं चाक. आपल्या ट्रॉलीचं तत्त्व तेच.

हे झालं सरकारांचं आणि मोठ्या कंपन्यांचं. साध्या माणसाच्या हातात ते कसं आलं?

घरच्या विमानाची परवानगी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतसुद्धा घरी बनवलेलं विमान उडवायला बहुतेक ठिकाणी परवानगी नव्हती. १९४७ मध्ये ऑरेगॉन राज्यातला जॉर्ज बोगार्डस नावाचा माणूस 'लिटल जी बी' नावाच्या छोट्या घरगुती विमानात बसला आणि देश ओलांडून थेट वॉशिंग्टनला गेला. म्हणणं एवढंच, की हे बघा, घरी बनवलेलं आहे आणि इथवर आलंय, आता नियम करा. तो नंतरही असाच गेला. हळूहळू नियम झाला. ते विमान आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

१९५३ मध्ये मिलवॉकी शहरात पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमान बनवणाऱ्यांची संघटना काढली, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. ऑशकॉशची प्रसिद्ध जत्रा भरवते तीच.

नियम मला फार आवडला. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग तुम्ही स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी बनवलेला पाहिजे. विमानावर 'एक्सपेरिमेंटल' असं ठळक लिहायचं, म्हणजे बसणाऱ्याला कळेल. सुरुवातीचे काही तास, साधारण २५ ते ४०, ठरवून दिलेल्या भागातच उडवायचं, आणि तेव्हा प्रवासी घ्यायचे नाहीत. आणि काम करताना नोंदी ठेवायच्या, फोटो काढायचे. सरकारनं 'नाही' म्हटलं नाही, 'कर, पण लिहून ठेव' म्हटलं.

लिहून ठेवण्याची सवय

१९७०च्या दशकात बर्ट रुटान यांनी घरी बनवायच्या विमानांचे नकाशे विकायला सुरुवात केली. नकाशे घेणाऱ्यांसाठी त्यांच्या कंपनीचं 'कॅनार्ड पुशर' नावाचं पत्रक निघायचं. त्यात काय असायचं? नकाशातल्या चुका, करायचे बदल आणि अपघातांच्या हकिकती. स्वतःच्याच मालातला दोष स्वतःच छापून गिऱ्हाइकाला पाठवायचा! आपल्याकडं एखादा दुकानदार असं करतोय अशी कल्पना करून बघा. त्यांच्या लाँग-ईझी विमानात फक्त पुढचं चाक आत जातं, तेही हातानं दांडा फिरवून. हायड्रॉलिक नाहीच, त्यामुळं बिघडायला जागा कमी.

१९८०च्या दशकात फायबरच्या किटचं युग आलं. ग्लासएअर, लँकएअर अशी नावं पुढं आली. लँकएअरचं एक मॉडेल १८० अश्वशक्तीच्या इंजिनावर ताशी २०० मैलांच्या वर जातं. त्यासाठी तिन्ही चाकं पोटात घ्यावी लागतात, आणि ती हायड्रॉलिकनं जातात. आता शाळेतला शिक्षक, दातांचा डॉक्टर, निवृत्त फिटर आपल्या गॅरेजमध्ये हायड्रॉलिक लाइन ओढायला लागला. इथून खरी मजा सुरू होते.

आत नक्की काय असतं

उलटसुलट फिरणारी एक इलेक्ट्रिक मोटर असते. तिला पंप जोडलेला. मोटर एका दिशेनं फिरली की तेल 'वर'च्या लाइनीत, उलटी फिरली की 'खाली'च्या. तीन चाकांना तीन जॅक. प्रेशर भरलं की प्रेशर स्विच मोटर बंद करतो. छोट्या विमानांत हे प्रेशर साधारण हजार ते दोन हजार पीएसआयपर्यंत असतं. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतं, म्हणजे अंदाज येईल.

चाक खाली आलं की ते तेलावर उभं राहत नाही. त्याचा सांधा मध्यरेषेच्या थोडा पलीकडं जाऊन बसतो. आपण गुडघे ताठ करून उभं राहिलो की स्नायूंना ताण पडत नाही, तसं. पण वर गेल्यावर? या छोट्या विमानांतल्या बऱ्याच मॉडेलांत वरच्या बाजूला लॉकच नाही. चाक वर धरून ठेवतं ते फक्त कोंडलेलं तेल.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे धोक्याचं वाटलं. नीट विचार केल्यावर कळलं की हीच अक्कल आहे. तेल गळलं, पाइप फुटला, तर चाकं कुठं जाणार? खाली. म्हणजे जिथं हवीत तिथंच. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूला पडावा अशी रचना केलेली आहे. शिवाय पायलटच्या हाताशी एक इमर्जन्सी व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की दोन्ही लाइनी एक होतात, प्रेशर मोकळं होतं आणि चाकं स्वतःच्या वजनानं खाली येतात. काही मॉडेलांत पुढच्या चाकाला वाऱ्याच्या विरुद्ध यायचं असतं, म्हणून त्याला गॅसचा दांडा मदत करतो, आणि पायलटनं वेग कमी करायचा असतो.

बिघाड शोधायची पद्धत

आता मुख्य गोष्ट. समजा विमान हवेत आहे, चाकं वर आहेत, आणि दर तीन-चार मिनिटांनी मोटर आपोआप 'घुर्र' करून थांबते. म्हणजे काय?

आपल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. ट्रॉली उचलून ठेवली आणि जेवून येईपर्यंत हळूहळू बसली, तोच हा बिघाड. कुठंतरी प्रेशर गळतंय, प्रेशर स्विचला कळतंय, आणि तो मोटर चालू करून पुन्हा भरतोय. उंचावर थंडीनं तेल आकसून मोटर एखाद्या वेळी चालू झाली तर तो बिघाड नव्हे. नेमानं झाली तर आहे.

हे हौशी लोक काय करतात बघा. विमान घोड्यांवर चढवून चाकं मोकळी करतात. चाकं वर घेतात आणि घड्याळ लावून बसतात. किती मिनिटांनी मोटर लागली ते लिहितात. मग पहिला प्रश्न, टाकीतलं तेल कमी होतंय का? होत असेल तर गळती बाहेर आहे. विमानाचं तेल लाल रंगाचं असतं, पांढऱ्या कापडानं पुसत गेलं की सापडतं. टाकी तशीच असेल तर गळती आत आहे. म्हणजे एक तर कुठल्या तरी पिस्टनची ओ-रिंग गेली, किंवा इमर्जन्सी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, किंवा पंपातल्या चेक व्हॉल्व्हच्या सीटवर कचऱ्याचा कण अडकलाय.

तीनपैकी कुठलं? तिथं अंदाज चालत नाही. एका जॅकची लाइन बंद करायची, पुन्हा घड्याळ लावायचं. मग दुसऱ्याची. मग तिसऱ्याची. ज्याची लाइन बंद केल्यावर मोटर शांत झाली, तो चोर. तिन्ही बंद करूनही मोटर लागतच राहिली, तर चोर व्हॉल्व्हमध्ये किंवा पंपात. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. सगळं एकदम बदललं तर बिघाड जाईलही, पण काय बिघडलं होतं ते कळणार नाही. आणि जे कळलं नाही ते परत येतं.

चाक हललंच नाही तर आधी कान द्यायचा. मोटरचा आवाज येतोय? येत नसेल तर भानगड विजेची. ब्रेकर, रिले, अर्थिंग, आणि लोडवर बॅटरी किती व्होल्ट दाखवते ते बघायचं. आवाज येतोय पण चाक हलत नाही, तर तेल कमी, लाइनीत हवा, रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला, किंवा इमर्जन्सी व्हॉल्व्ह चुकून उघडा राहिलेला.

एक धडा तर आपल्या प्रत्येक गॅरेजात पाटीवर लिहावा असा आहे. या लाल तेलाच्या जागी गाडीचं ब्रेक ऑइल घालायचं नाही. ब्रेक ऑइल ग्लायकोलचं, लाल तेल खनिज. एकासाठी बनवलेलं रबर दुसऱ्यात फुगतं, मऊ पडतं, फाटतं. 'ऑइल ते ऑइल' म्हणणाऱ्यानं आख्खी सिस्टिम खोलायची तयारी ठेवावी.

तिसरा दिवा लागला नाही तर

कॉकपिटमध्ये तीन हिरवे दिवे असतात, प्रत्येक चाकाला एक. चाक खाली येऊन लॉक झालं की दिवा लागतो. दोनच लागले तर? चाक अडकलंय, की चाक बरोबर आहे आणि मायक्रोस्विच गेलाय, की नुसता बल्ब गेलाय? छोट्या विमानातला शहाणा पायलट आधी शेजारचा बल्ब काढून तिथं लावून बघतो.

हे लिहायला सोपं आहे. हवेत काय होतं त्याचे दोन दाखले देतो, दोन्ही मोठ्या विमानांचे.

२९ डिसेंबर १९७२, मायामी. ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट ४०१. पुढच्या चाकाचा दिवा लागेना. कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागं लागले. दरम्यान ऑटोपायलटचं उंची धरण्याचं काम सुटलं, विमान हळूहळू खाली येत गेलं आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. १७६ पैकी १०१ जण गेले. चाक व्यवस्थित खाली होतं, गेले होते फक्त बल्ब.

२८ डिसेंबर १९७८, पोर्टलंड. युनायटेडचं फ्लाइट १७३. चाकं खाली घेताना मोठा दणका बसला आणि उजव्या चाकाचा दिवा लागला नाही. उजव्या जॅकचा पिस्टन रॉड गंजून टोकाशी निसटला होता, चाक धाडकन पडलं, आणि त्या दणक्यात स्विच खराब झाला. चाक खालीच होतं. पण कॅप्टन जवळजवळ तासभर घिरट्या घालत त्याचा विचार करत राहिला आणि इंधन संपलं. सोबतच्यांना इंधनाचं कळत होतं, पण कॅप्टनला ठणकावून सांगायची रीत नव्हती. १८९ पैकी १० जण गेले.

दोन्ही वेळा चाक खाली होतं. माणसं मेली ती बिघाड शोधण्याच्या चुकीच्या पद्धतीनं. 'पायलटचा दोष' म्हणून फाइल बंद करता आली असती. तसं झालं नाही. १७३ नंतर युनायटेडनं कॉकपिटमधल्या ज्युनियर माणसानं सिनियरला कसं टोकायचं याचं प्रशिक्षणच सुरू केलं, आणि ते पुढं जगभर गेलं.

त्याआधीच, १९७६ मध्ये, नासानं एक योजना सुरू केली होती. पायलट असो की मेकॅनिक, त्यानं आपली चूक किंवा पाहिलेला धोका लिहून नासाकडं पाठवायचा. नासा नावं काढून टाकणार आणि मजकूर सर्वांसाठी खुला करणार. चूक मुद्दाम केलेली नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर साधारणपणे दंडही माफ. घरच्या विमानवाल्यालाही हीच सोय. म्हणजे एकाच्या गॅरेजातली फाटलेली ओ-रिंग हजार मैलांवरच्या दुसऱ्याला शहाणं करते.

आणि एक माणूस या सगळ्यातून वेगळाच धडा शिकला. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन. त्यांच्या 'आरव्ही' मालिकेतल्या विमानांना पोटात जाणारी चाकं नाहीतच. चाकं बाहेर, पण नीट झाकलेली. वजन कमी, खर्च कमी, बिघाड कमी, आणि वेग थोडाच कमी. आज जगात सगळ्यात जास्त बनलेली घरगुती विमानं त्यांचीच आहेत, अकरा हजारांहून जास्त उडाली. वर्षानुवर्षं लिहिलेले बिघाड वाचून कुणी तरी म्हणू शकतं, की ही गोष्ट मला नकोच. वही नसेल तर तेही म्हणता येत नाही.

आणि आपण

आपल्याकडं हुनर नाही असं कुणी म्हणू नये. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया'त बीकेसीत लोकांनी पाहिलं. नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं आणि उडवायचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. बोगार्डसला जे १९४७ मध्ये मागावं लागलं, ते आपल्याकडं एकविसाव्या शतकात मागावं लागलं. त्या बातमीखाली कौतुकाच्या कमेंटी ढिगानं होत्या. पण 'कर, पण लिहून ठेव' म्हणणारी वाट अशा लोकांसाठी रुंद झाली का, हे कुणी विचारलं?

विमान राहू द्या. आपल्या एमआयडीसीत या. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका कारखान्यातून माझ्याकडं प्रेसचा सिलिंडर आला. आणणारा सुपरवायझर म्हणाला, "काका, सील टाका आणि द्या लगेच. बाकी काय खोलू नका." खोलावं लागलंच. आतली ओ-रिंग चुकीच्या तेलानं लगदा झाली होती. प्रेसचा वरचा भाग थांबल्या जागी थांबत नव्हता, हळूहळू खाली सरकत होता. ट्रॉलीसारखाच. मागून कळलं, त्याच प्रेसखाली एका पोराची चार बोटं गेली होती. कारण काय लिहिलं होतं? 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा.' कारखान्याचं नाव घेत नाही, कारण ही एकाची गोष्ट नाही.

त्या पोराला दोष देऊन काय मिळालं? शेजारच्या शेडमध्ये तेच तेल, तीच ओ-रिंग, तसाच प्रेस. त्यांना कोण सांगणार?

अपघाताची नोटीस द्यायचा नियम कायद्यात आहेच. त्यात आणखी थोडंच हवंय. मालकाचं आणि कामगाराचं नाव काढून टाका, पण 'काय बिघडलं, कसं सापडलं, काय बदललं' हे साध्या मराठीत, दर महिन्याला, प्रत्येक एमआयडीसीच्या फलकावर लावा. कळवणाऱ्याला त्रास होणार नाही याची हमी द्या. नासाच्या योजनेचा गाभा एवढाच आहे, त्याला रॉकेट लागत नाही.

सरकार करेल तेव्हा करेल. माझ्या वर्कशॉपच्या दारात मी एक फळा लावलाय. जो जॅक खोलतो, त्याचा दोष आणि कारण त्यावर लिहितो, गिऱ्हाइकाचं नाव न घालता. पहिल्या आठवड्यातच दोन ट्रॉलीवाले थांबून वाचून गेले आणि एकानं विचारलं, "म्हणजे माझ्यातबी ब्रेक ऑइल पडलंय व्हय?"

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी, जिथं कुठं तुमचं वर्कशॉप असेल तिथं असा फळा लावा. खर्च दोनशे रुपये आणि खडू. तुमच्याकडं सापडलेला एखादा बिघाड खाली कमेंटमध्येही लिहा. नाव कुणाचं नको. बिघाड, कारण, उपाय, बस्स.